चार तासांचं पोस्ट

पोस्ट म्हटलं की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे जीपीओ येतं. जॉन बेग यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेली ती इमारत १९१३ साली पुरी झाली. खात्याचा सगळा रुबाब तिच्यात उतरला आहे. पण देशातल्या सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयांपैकी जवळजवळ नव्वद टक्के खेड्यांत आहेत, आणि त्यांतली बहुतेक म्हणजे शाखा डाकघरं. कुणाच्या घराची पडवी, नाहीतर रस्त्याकडेची एखादी खोली. ही जागासुद्धा शाखा डाकपालानेच बघायची असते. गावात त्याला आजही पोस्टमास्तर म्हणतात. अलीकडे त्या खुर्चीत बायकाही बऱ्याच दिसतात.

दिवसाची सुरुवात उपडाकघरातून आलेल्या थैलीने होते. आधी सील शाबूत आहे का ते पाहायचं, मग थैली उघडून आतल्या टपालाचा आणि रोकडीचा सोबतच्या चिठ्ठीशी मेळ घालायचा. शिक्क्यातली तारीख बदलायची, एका कोऱ्या कागदावर ठसा नीट उठतो का पाहायचं आणि बटवड्याला लागायचं. हा क्रम ब्रिटिश काळापासूनचा. त्यात नवं आलं ते टेबलावरचं हातात मावणारं यंत्र. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पातून अशी यंत्रं सव्वा लाखाहून अधिक शाखा डाकघरांसाठी आली आणि वहीतली नोंद तिथल्या तिथे मुख्य यंत्रणेत पोचू लागली.

खेड्यातलं पोस्ट पत्रांपेक्षा पैशांवर जास्त चालतं, आणि ते आजचं नाही. मनीऑर्डर १८८० साली आली, बचत बँक १८८२ साली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाचा पगार कोकणातल्या घरी पोचायचा तो पोस्टमनच्या हातून. आता तोच हात सरकारी अनुदान पोचवतो. १ सप्टेंबर २०१८ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. तिचं साधं बचत खातं एक रुपयाही शिल्लक न ठेवता चालतं आणि आधारला जोडलेल्या कोणत्याही बँकेतले पैसे अंगठा लावून पोस्टात काढता येतात. आयुष्यभर शेतात खुरपं धरलेल्या आजींच्या बोटांवरच्या रेषा मात्र पुसट झालेल्या असतात. यंत्र ठसा नाकारतं. मास्तरीणबाई ओल्या फडक्याने बोट पुसून देतात, अंगठा नाही तर तर्जनी लावून बघतात, मागची रांग थांबते. कधी तिसऱ्या खेपेला जमतं, कधी “आजी, उद्या या” म्हणावं लागतं. माझ्या मते टपाल खात्याच्या आधुनिकीकरणाचा कस इथे लागतो.

वरच्या पातळीवरचं काम मोठं आहे, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. २०१२ साली ४,९०९ कोटींचा संगणकीकरण प्रकल्प हाती घेतला गेला. त्यानंतरच्या सुमारे ५,८०० कोटींच्या दुसऱ्या टप्प्यात खात्याने म्हैसूरच्या आपल्याच तंत्रज्ञान केंद्रात नवी प्रणाली घडवली आणि ४ ऑगस्ट २०२५पर्यंत देशातली सगळी कार्यालयं तिच्यावर आणली. पत्त्याचंही तसंच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या माणसाच्या, संस्कृत कवी असलेल्या टपाल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या सहा आकड्यांचं मोल सांगायला नको. पहिले तीन आकडे टपाल कोणत्या वर्गवारी जिल्ह्यात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट. आता ‘डिजिपिन’ त्याच्या पुढे जातो. देशाची जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत वाटून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-आकड्यांची ओळख दिली आहे. वस्तीपासून दूर, रानातल्या घराला त्यामुळे प्रथमच नेमका पत्ता मिळतो.

एक बदल मला पटलेला नाही. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. नोंदणीची सोय जादा पाच रुपये आणि कर भरून शिल्लक आहे, पण साधं रजिस्टर पाकीट सव्वीस रुपयांच्या आत कुठेही जायचं, तर ऑक्टोबरपासून परगावच्या हलक्यात हलक्या स्पीड पोस्टालाच ४७ रुपये आणि वर कर. वकिलाची नोटीस, जमिनीच्या वादातलं उत्तर, नोकरीचा अर्ज ही कामं रजिस्टरने करणाऱ्या माणसाला वेग नको होता. त्याला पोच हवी होती.

आणि हे सगळं ज्याच्या हातून पार पडतं तो शाखा डाकपाल, म्हणजे खात्याच्या भाषेत ग्रामीण डाक सेवक, कागदावर चार किंवा पाच तासांचा माणूस आहे. या सेवकांसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर २०१८ साली शाखा डाकपालाचा सुरुवातीचा मोबदला चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० रुपये ठरला, महागाई भत्ता वेगळा. पोटापाण्याचं दुसरं साधन त्याच्याकडे असावं, असा नियमच आहे. खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यासारखी पेन्शन त्याला नाही. तासांचा तो हिशेब थैली, शिक्का आणि बटवडा एवढ्याच कामाच्या काळातला. आता त्यावर बँकेची खाती, विम्याचे हप्ते, आवर्त ठेवी आणि वरून येणारी उद्दिष्टं चढली आहेत. सिग्नलसाठी यंत्र हातात धरून गच्चीवर उभं राहावं लागतं तोही वेळ त्याचाच. पुढचा आराखडा करताना खात्याने हे तास नव्याने मोजावेत आणि आठ भरले तर आठांचे पैसे द्यावेत.