एका गटात दहा दिवस

2025 च्या जूनमध्ये राज्यभर शिक्षकांचे वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षण झाले. सेवेची 12 किंवा 24 वर्षे झाली तरी या प्रशिक्षणाशिवाय पुढची श्रेणी मिळत नाही. त्यामुळे आमच्या गोंदिया जिल्ह्यातही देवरी, सालेकसा, तिरोडा अशा सगळीकडून शिक्षक आले. दिवसभर एकच वर्ग, जूनचा उकाडा, लाईन गेली की बंद पडणारे पंखे आणि अनोळखी लोकांबरोबर गटकार्य. कुरबुर झाली नसती तरच नवल!

आमचा गट सात जणांचा. आम्ही तिघे उर्दू माध्यमाचे, बाकी चौघे मराठी. एके दिवशी एक सर तिरकसपणे म्हणाले, "उर्दूवाल्यांची नमाज बरोबर तक्ते लिहायच्या वेळीच येते." आम्हीही गप्प बसलो नाही. दुपारभर कोणी कोणाशी बोलले नाही.

संध्याकाळी गटातल्या एका मॅडमना आम्ही सरळ विचारले, आमचे काय चुकते? त्या आधी संकोचल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही तिघे आपसात उर्दूत बोलता आणि हसता. आम्हाला वाटते, आमच्यावरच हसता."

हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आणि खरे सांगायचे तर जुहरला भरपूर वेळ असतो, जेवणाच्या सुट्टीत ती सहज होते. आम्हीच सुट्टी गप्पांत घालवून नंतर उठत होतो, आणि राहिलेले तक्ते त्या मॅडम पूर्ण करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी सातही जण बसलो. आधी आमची चूक कबूल केली. मग आमचीही तक्रार मांडली: आम्हाला नावे आहेत, 'उर्दूवाले' म्हणू नका. 6 जूनला जुमा होता आणि दुसऱ्या दिवशी बकरी ईद. जुम्याची वेळ मात्र पुढेमागे करता येत नाही. म्हणून आमच्या वाट्याचे काम आम्ही गुरुवारीच करून दिले.

तरी मने लगेच जुळली नाहीत. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातील एका शिबिरात 22 मुलांचे दोन गट केले होते. स्पर्धा लावताच वैर पेटले. (ते संशोधकांनीच पेटवले, हा आक्षेप आम्हालाही पटतो.) मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. पण शिबिराचे पाणी बंद पडले, सामानाची गाडी अडली, तेव्हा सगळ्यांना मिळून खपावे लागले आणि वैर ओसरत गेले.

आमची अडलेली गाडी म्हणजे ईदनंतरचे सादरीकरण. ऐन वेळी लाईन गेली, प्रोजेक्टर बंद. विषय अपूर्णांकांचा. मॅडमचे अक्षर सुरेख, त्यांनी तक्ता घेतला. आम्ही त्याच गणिताचे उर्दू पान काढले. अपूर्णांकाला उर्दूत 'कसर' म्हणतात, लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण संख्या डावीकडूनच लिहिली जाते. ते तिरकस बोलणारे सर पुढे सरकून विचारू लागले, "मग पोरं गोंधळत नाहीत का?" गोंधळतात हो! तेच आम्ही वर्गाला फळ्यावर करून दाखवले, सरांनी मराठीतून समजावले.

सरांशी आमची दोस्ती वगैरे झाली नाही. शेवटच्या दिवशी तक्त्यावर गटाची नावे लिहायची होती. सर सांगत होते, मॅडम लिहीत होत्या. त्यांनी आमची तिघांची नावे न अडखळता सांगितली.