विरार लोकल आणि सातवीतली झोप

किशोरवयातल्या नैराश्याविषयी मिळेल ते वाचायची मला सवय लागली, त्याला बरीच वर्षं झाली. पण त्यातला झोपेचा धागा हाती लागला तो विरारच्या एका पालकसभेत. सातवीतल्या मुलाची आई सांगत होती, "सकाळी उठतच नाही हो. उठला की पोटात दुखतं म्हणतो. नुसती नाटकं." सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, पोटात काही नव्हतं.

या वयातलं नैराश्य पुष्कळदा असंच येतं. रडणं कमी, चिडचिड जास्त. पोटदुखी, डोकेदुखी, खेळायला जावंसं न वाटणं. दोन आठवडे हे टिकलं, तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडू नये.

कारणं अनेक: घराण्यात हा आजार असणं, आईवडिलांची भांडणं, शाळेत होणारा छळ, पैशांची ओढाताण. वयात आल्यावर मुलींमधलं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलामुलींमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. आता झोपेकडे वळतो.

वयात येताना मेंदूतलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. दहाला अंथरुणावर पडलेलं मूल अकरा-साडेअकरापर्यंत टक्क जागं असतं, त्यात हट्ट नसतो. आणि तेराव्या वर्षानंतरही गरज असते 8 ते 10 तासांची.

पण विरार-वसईकडे लवकर उठणं हा जुना गुण. वाड्यांवरची माणसं फुलं, भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठत आली आहेत. या कष्टांचा मला आदर आहे. पण आता त्याच गाडीने घरंच्या घरं रिकामी होतात. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर; गर्दी अशी की नालासोपाऱ्याला दारात पाय टेकवायला मिळाला तरी नशीब. परत येईतो नऊ. जेवणं दहाला.

त्या आईला मी विचारलं, "तुमची त्याची गाठ कधी पडते?"

"दहानंतरच. भांडी घासताना ओट्यापाशी येऊन बसतो. तेव्हाच काय ते बोलतो."

मोबाइलपायी जागतो, असं घरात सगळे धरून चालले होते. माझ्या मते तो आईपायी जागत होता. आणि शाळा सकाळी सातची.

कमी झोपेने मन खचतं आणि खचलेल्या मनाला झोप लागत नाही. दोन्ही बाजूंनी गाठ बसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच सांगितलं, की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2024 मध्ये शाळा नऊच्या आधी न भरवण्याचा आदेश काढला, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंत. ज्या वयात घड्याळ सरकतं, नेमकं तेच वय सुटलं. मला हा निर्णय अर्धाच वाटतो.

जागेअभावी दोन पाळ्यांत शाळा चालवणाऱ्या संस्थांची अडचण खरी आहे. तरी निदान पाचवी ते आठवीचे वर्ग दुपारच्या पाळीत घेता येतील का, हा प्रश्न पुढच्या पालकसभेत जरूर विचारा. आणि मूल गप्प गप्प वाटत असेल, तर सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन, 14416, रात्री दहानंतरही चालू असते. तिथे मराठीत बोलता येतं.