विंडोज सोडताय? आधी बोटांची सवय सोबत घ्या!

व्हिडिओत हा भाग मी पटकन उरकला होता, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आपल्याकडच्या झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि डीटीपीच्या दुकानांतले बरेच जुने पीसी विंडोज 11 घेत नाहीत. नवीन पीसीला पैसे घालण्याऐवजी काही जण लिनक्स मिंट टाकतात. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं. पण खरी अडचण पहिल्या दिवशी काउंटरवर कळते.

माझंच सांगतो. शिरूरच्या दुकानात गिऱ्हाईकाचा फॉर्म भरताना सवयीने विंडोज-एल दाबलं आणि झेरॉक्सला उठलो. परत येऊन बघतो तर स्क्रीन लॉक झालीच नव्हती! त्यांचं आधार आणि पासबुक सगळ्या रांगेसमोर उघडं. आमच्या मिंटमध्ये लॉकचं बटण कंट्रोल-ऑल्ट-एल होतं, आणि मी ते बघितलंच नव्हतं.

काय बदलतं, काय नाही

शॉर्टकट दोन प्रकारचे असतात. प्रोग्रामच्या आतले, म्हणजे कॉपी, पेस्ट, प्रिंट, ब्राउझरचा नवीन टॅब. हे लिनक्सवर जवळपास तसेच राहतात. दुसरे सिस्टिमचे: लॉक, स्क्रीनशॉट, भाषा बदलणं. घोळ इथे होतो. मॅकवर तर पहिलेही बदलतात, कारण कंट्रोलचं काम तिथे कमांड बटण करतं. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या मॉडिफायर कीज उघडून दोघांची अदलाबदल करता येते.

दुकान बंद असताना हे करा

1. एक दिवस कागद जवळ ठेवा. जे शॉर्टकट खरंच दाबता तेवढेच लिहा. आठ-दहाच निघतील.

2. मिंटमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स उघडा. लॉक स्क्रीन शोधा, त्याच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा आणि विंडोज-एल दाबा. ते बटण दुसऱ्या कामाला लागलेलं असेल तर तसं विचारतं, तेव्हा बदलायला होकार द्या.

3. स्क्रीनचा तुकडा कापायला मिंटमध्ये शिफ्ट-प्रिंटस्क्रीन आहे. तुमच्या हाताला विंडोज-शिफ्ट-एस बसलं असेल तर तेच तिथे लावा.

4. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा. ऑप्शन्समध्ये भाषा बदलायला विंडोज-स्पेस निवडा, म्हणजे दोन्ही मशीनवर एकच बटण.

मराठी टायपिंगचं काय?

इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायच्या पद्धती सिस्टिमनुसार बदलतात. इनस्क्रिप्ट मात्र विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे आहे, सरकारने 1986 मध्ये ठरवलेली. सेट केल्यावर तपासा: 'शिरूर' म्हणजे शिफ्ट-एम, एफ, जे, टी, जे. 'दौंड' म्हणजे ओ, क्यू, एक्स आणि पी शेजारचा चौकटी कंस. बरोबर उमटलं, की लेआउट नीट बसला. पण श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या तुमच्या फायली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर लग्नपत्रिकेचा मजकूर गिचमिड दिसेल.

घाई करू नका

टॅली विंडोजवरच चालतं. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर लिनक्सवर चालतात का तेही आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा, इन्स्टॉल न करताही बघता येतं. म्हणून एक पीसी विंडोजचाच ठेवा. मग काउंटरवर दोन सिस्टिम आल्या, आणि म्हणूनच दोन्हीकडे बटणं सारखी पाहिजेत. दौंडच्या गिऱ्हाईकाला गाडी गाठायची असते, रांजणगाव एमआयडीसीतल्या पोराला शिफ्टला जायचं असतं. तुम्ही बटण शोधत बसलात तर ते शेजारच्या दुकानात जातात.

शेवटी, ती यादी प्रिंट काढून मॉनिटरखाली चिकटवा. उद्या कामाला नवीन मुलगा आला तरी त्याला पहिल्या दिवसापासून तीच सवय लागेल. आणि विंडोज-एल आधी स्वतः दाबून बघा, मगच शटर वर करा!