ड्रॉप पिटमन आर्म हे प्रत्येक गाडीचं औषध नाही

"गाडी उचललीस ना? मग ड्रॉप पिटमन आर्म टाक, स्टिअरिंग सरळ होईल."

जीप असो, जिप्सी असो, थार असो वा जिम्नी. सस्पेन्शन दोन-तीन इंच वर घेतलं आणि गाडी खड्ड्यागणिक बाजूला पळायला लागली, की हा सल्ला येतोच. गॅरेजमधला मिस्त्री देतो, पार्ट विकणारा देतो, चिखलात भेटलेला दुसरा जीपवालाही देतो. पुढचा ॲक्सल अखंड आहे का, खाली पाटे आहेत की कॉइल, पॅनहार्ड रॉड आहे का, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही. गाडीला मुळात पिटमन आर्म आहे का, हेही कुणी विचारत नाही. 2020 साली आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि स्टिअरिंग रॅक अँड पिनियन आहे. तिथे पिटमन आर्म नावाचा भागच नाही. तरी थारसाठी तो शोधणारे लोक भेटतात, कारण त्यांना कुणीतरी खात्रीने सांगितलेलं असतं. स्टिअरिंगच्या बाबतीत अशी ऐकीव खात्री जिवावर बेतू शकते, म्हणून हा विषय सविस्तर मांडतो.

स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणाऱ्या शाफ्टवर पिटमन आर्म बसतो. तो डावी-उजवीकडे हलतो आणि ड्रॅग लिंकला ढकलतो किंवा ओढतो. ड्रॅग लिंक चाकाच्या नकलला वळवते आणि टाय रॉड दोन्ही चाकांना एकत्र बांधून ठेवतो. बॉक्स चासीवर पक्का असतो आणि नकल ॲक्सलवर. म्हणजे ड्रॅग लिंकचं एक टोक स्थिर असतं आणि दुसरं ॲक्सलबरोबर वर-खाली होतं. वर-खाली होताना ते टोक कंसात फिरतं. हा कंस आणि ॲक्सलचा स्वतःचा मार्ग जुळला नाही, तर तुम्ही स्टिअरिंग धरून ठेवलेलं असतानाही चाक आपोआप वळतं. यालाच बम्प स्टिअर म्हणतात. कुठला पार्ट लावायचा हे ठरवताना हे दोन मार्ग जुळतात का, हा पहिला प्रश्न. दुकानदाराचा कॅटलॉग त्यानंतर उघडायचा.

आता जिप्सी घ्या. पुढे अखंड ॲक्सल, पाटे, आणि पॅनहार्ड रॉड नाही. पाटे ॲक्सलला आडवं फारसं सरकू देत नाहीत, त्यामुळे तो जवळजवळ सरळ वर-खाली होतो. हिशोबासाठी ड्रॅग लिंक 900 मिमी लांब धरू. ती आडवी, सपाट असेल आणि चाक 50 मिमी वर उचललं गेलं, तर तिच्या आडव्या पोहोचीत साधारण 1.4 मिमी फरक पडतो. तो हाताला जाणवतही नाही. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. आपल्याकडची मंडळी ते वर घेऊन 'स्प्रिंग ओव्हर' करतात आणि गाडी साधारण 5 इंच वर जाते. मग ड्रॅग लिंक तिरपी होते. तिच्या दोन टोकांच्या उंचीत 150 मिमीचं अंतर पडलं असं धरा. त्याच 50 मिमीच्या धक्क्याला आता फरक पडतो 7 मिमी, म्हणजे पाचपट. नकलचा आर्म 150 मिमीचा असेल तर चाक एका खड्ड्यात अडीच अंशांहून जास्त वळतं. ताशी 80 च्या वेगात हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

इथे ड्रॅग लिंक पुन्हा सपाट करणं हे बरोबर उत्तर आहे, आणि ड्रॉप पिटमन आर्म त्याचा एक मार्ग आहे. तो सल्ला जन्मला तो अशाच गाड्यांसाठी.

जिम्नीत मात्र कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सलला आडवं धरून ठेवायला पॅनहार्ड रॉड आहे. हा रॉड चासीला एका टोकाला आणि ॲक्सलला दुसऱ्या टोकाला बांधलेला असतो, त्यामुळे ॲक्सल सरळ वर जात नाही, त्या रॉडच्या कंसात जातो. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी ड्रॅग लिंक त्याला जवळजवळ समांतर ठेवली आहे. दोन्ही कंस सारखे, म्हणून बम्प स्टिअर जवळजवळ शून्य. गाडी 2 इंच वर घेतली की दोन्ही रॉड सारखेच तिरपे होतात, समांतरच राहतात. स्टिअरिंग व्हील थोडं वाकडं दिसायला लागतं, ते ड्रॅग लिंकची लांबी ॲडजस्ट करून सरळ होतं. अशा गाडीला कुणीतरी ड्रॉप आर्म लावतो. ड्रॅग लिंक सपाट होते, पॅनहार्ड तिरपाच राहतो. वरचाच 900 मिमीचा हिशोब दोन्ही रॉडना लावा: 50 मिमीच्या धक्क्याला पॅनहार्ड ॲक्सलला 1.4 मिमी एका बाजूला ढकलतो आणि ड्रॅग लिंक नकलला 1.4 मिमी उलट्या बाजूला ओढते. शून्य होतं तिथे जवळजवळ 3 मिमीची चूक तयार झाली, तीही पैसे मोजून. पिटमन खाली घ्यायचा असेल तर पॅनहार्डचा चासीकडचा ब्रॅकेटही तेवढाच खाली घ्यावा लागतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे, आणि तरी अर्धंच काम करून रस्त्यावर आलेल्या गाड्या दिसतात.

जुन्या विलिस पद्धतीच्या जीपची गोष्ट आणखी निराळी. सीजे-3बी मध्ये बॉक्सपासूनचा रॉड गाडीच्या लांबीत पुढे जातो आणि मधल्या बेलक्रँकला मिळतो. तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. अशा जीपचं स्टिअरिंग सैल लागतं तेव्हा पहिली तपासणी बेलक्रँकच्या पिन आणि बुशची करायची. पिन किंवा बुश झिजला असेल तर नवा पिटमन आर्म काहीही सुधारत नाही.

जिथे ड्रॉप आर्म योग्य आहे तिथेही त्याची किंमत असते. आर्मचं टोक जितकं खाली, तितका बॉक्सच्या शाफ्टला आणि बेअरिंगला वाकवणारा जोर वाढतो. मोठे टायर असतील तर तो जोर आणखी वाढतो. जिप्सीचा मूळ 205/70 आर15 टायर साधारण 668 मिमी व्यासाचा, आणि त्या जागी बसवतात तो 31 इंची टायर 787 मिमीचा. म्हणून फक्त किती खाली आला हे पाहू नका, आर्मची लांबी मोजा: शाफ्टच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत. ती मूळ आर्मइतकीच हवी. लांब आर्मने स्टिअरिंग जड होतं. शिवाय आर्मची लांबी बदलली की नकलवरचा चाक थांबवणारा बोल्ट आधी आपटतो की बॉक्स आधी आतून टेकतो, हे बदलतं. बॉक्स आधी टेकत असेल तर प्रत्येक पूर्ण वळणावर दणका बॉक्सच्या आत बसतो. आखूड आर्मने चाक पुरेसं वळत नाही आणि गाडी वळवायला जास्त जागा लागते.

यानंतरचा गैरसमज तितकाच धोकादायक, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही: "नट आवळला गेला म्हणजे एंड बसला." टाय रॉड एंडचा खुंट निमुळता असतो आणि आर्ममधलं भोकही तसंच निमुळतं. सगळा जोर या दोन उतारांच्या घट्ट बसण्यावर पेलला जातो, नट त्यांना फक्त ओढून धरतो. आणि सगळ्या कंपन्यांचा उतार एक नसतो. 1:8 आणि 1:10 हे दोन्ही वापरात आहेत. 16 मिमीच्या लांबीत पहिल्यात व्यास 2 मिमीने बदलतो, दुसऱ्यात 1.6 मिमीने. फरक फक्त 0.4 मिमी. एका गाडीचा एंड दुसऱ्या गाडीच्या आर्ममध्ये घाला, नट आवळा, सगळं घट्ट वाटतं. प्रत्यक्षात खुंट एकाच टोकाला कड्यासारखा टेकलेला असतो. दगडावर दोन-चारदा चढल्यावर ती कडा झिजते, खुंट हलायला लागतो, आणि एक दिवस तुटतो किंवा भोक मोठं होतं. तपासायचं कसं? खुंटाला मार्किंग ब्ल्यू पातळ लावा, भोकात दाबून थोडा फिरवा, बाहेर काढा. निळा रंग भोकात वरपासून खालपर्यंत सारखा लागला तर जुळलं. एकाच टोकाला लागला तर तो एंड परत करा, किंवा योग्य रीमरने भोक तयार करून घ्या. एमरी पेपरने घासून, वॉशर घालून, दुकानदाराच्या "चालतंय हो" वर विसंबून हे काम होत नाही.

शाफ्टच्या दातांचंही तसंच. दातांची संख्या, व्यास आणि टेपर तिन्ही जुळायला हवं. हातोडीने ठोकून बसवलेला आर्म बसलेला नसतो. आणि आर्म काढतानाही पुलर वापरायचा, कारण हातोडीचा मार थेट बॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "व्हॉबल येतंय, स्टिअरिंग डॅम्पर बदल." डॅम्पर थरथर दाबतो, तिचं मूळ कारण दूर करत नाही. ते पॅनहार्डच्या झिजलेल्या बुशमध्ये, सैल बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये, कमी झालेल्या कॅस्टरमध्ये किंवा टायरच्या बॅलन्समध्ये असतं. "छोट्या कारचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम टाकला की काम झालं." बहुतेक अशा कॉलमना गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो, आणि मोटारचा जोर मधल्या जॉइंट आणि बॉक्समधूनच जातो, जे हाताच्या ताकदीसाठी बनवलेले होते. "कुठलाही हायड्रॉलिक पंप चालतो." पंपाचा दाब आणि प्रवाह बॉक्सच्या गरजेला जुळावा लागतो. "बॉक्स उलटा बसवला तरी बॉक्सच ना." दिशा न तपासता वेल्डिंग केलेल्या गाडीत स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की चाकं उजवीकडे वळतात. "टाय रॉड तुटला, वेल्डिंग करून घे." जंगलातून बाहेर येण्यापुरतं समजू शकतो, पण त्याच रॉडवर महामार्गाने घरी येणं नाही.

"रॉड एंड लावले की सगळं मजबूत," असंही म्हणतात. स्पर्धेच्या गाडीत ठीक. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 वाचा: स्टिअरिंग व्हीलवर 30 अंशांपेक्षा जास्त प्ले नको, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट-पिन नीट लॉक केलेल्या हव्यात. उघडे, टोपी नसलेले रॉड एंड यात बसत नाहीत, आणि आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात ते लवकर सैल होतात. स्प्लिट पिनऐवजी तार बांधणाऱ्यांनीही हाच नियम वाचावा.

आणि "बदल केले तरी आरसी बुकात त्याचा काय संबंध" असं म्हणणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावर जानेवारी 2019 मध्ये आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणून पार्ट विकत घेण्याआधी गाडीचा पुढचा भाग जॅकवर घ्या, एका माणसाला स्टिअरिंग हलवायला सांगा, आणि तुम्ही खाली बसून एकेक जॉइंट हाताने धरून बघा. बहुतेकदा झिजलेला बुश किंवा एंड तिथेच सापडतो, आणि तो बदलायला ड्रॉप आर्मच्या निम्मेही पैसे लागत नाहीत.