थंडीतली सहल : आधी दिवस मोजा, मग ठिकाण निवडा

डिसेंबर उजाडला, पवनेच्या काठी सकाळचे धुके रेंगाळू लागले, की पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील घरांत एकच प्रश्न चर्चेला येतो : यंदा कुठे जायचे? कुणी महाबळेश्वर म्हणतो, कुणी गोवा; कुणाच्या डोळ्यांसमोर मनालीचा बर्फ असतो. चर्चा आठवडाभर रंगते, तोवर आरक्षणे संपतात आणि अखेरीस नाताळच्या गर्दीत लोणावळ्याला जाऊन, अर्धा दिवस वाहनांच्या रांगेत काढून मंडळी घरी परततात. ही फजिती ठिकाणांच्या उणिवेमुळे होत नाही. प्रश्न उलट्या क्रमाने विचारल्यामुळे होते. 'कुठे' हा खरे तर शेवटचा प्रश्न. त्याआधी दिवस किती, थंडी किती, रस्ता कोणता आणि बरोबर कोण, या चार प्रश्नांची उत्तरे काढली तर ठिकाण बहुधा आपोआप ठरते.

रजेचा हिशेब

या पट्ट्यातील कुटुंबाची पहिली अडचण वारांची असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा, यासाठी औद्योगिक सुट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत पडली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीतील अनेक कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची शाळा मात्र रविवारी बंद. पत्नी हिंजवडीत नोकरीला असेल तर तिची सुटी शनिवार-रविवारी. एकाच घरात तीन वेगवेगळी वेळापत्रके नांदत असतात. वर्षअखेरीस अनेक वाहन कारखाने यंत्रांच्या देखभालीसाठी काही दिवस उत्पादन थांबवितात, त्यांच्याबरोबर सुटे भाग पुरविणारे लहान कारखानेही थंडावतात आणि शाळांनाही नाताळची सुटी असते. म्हणूनच सारे घर एकत्र बाहेर पडू शकेल, असा हा आठवडा अनेकांना सोन्यासारखा वाटतो. अडचण एवढीच, की तो साऱ्या पट्ट्याला एकाच वेळी मिळतो.

दुसरी गोष्ट रजेच्या मोलाची. कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, हे सूत्र १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले. वर्षाकाठी २८० दिवस काम भरले, तर ही रजा होते १४ दिवस. त्यातच गावची जत्रा, नात्यातली लग्ने, शेतीची कामे आणि घरातली अडीअडचण भागवायची. सहलीसाठी काढलेले तीन दिवस म्हणजे या रजेचा पाचवा हिस्सा होय. कंत्राटी कामगाराची स्थिती त्याहून बिकट. कामावर नसलेल्या दिवसाचा पगार ज्याला मिळत नाही, त्याला सहल दुप्पट महाग पडते : एकदा खर्चात आणि एकदा बुडालेल्या रोजात. तेव्हा ठिकाणाची निवड ही हौसेइतकीच हिशेबाचीही बाब आहे.

एक साधा अडाखा उपयोगी पडतो. एकच दिवस असेल तर एका बाजूचा प्रवास दोन-अडीच तासांपलीकडे नेऊ नये. तीन दिवस असतील तर पाच-सहा तास चालतील. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाचे ठिकाण पाच दिवसांखाली काढू नये. ज्यांना तारीख बदलणे शक्य आहे, त्यांनी नाताळचा आठवडा सोडून जानेवारीतील मधले वार धरावेत. थंडी तीच, गर्दी आणि खोल्यांचे दर मात्र उतरलेले असतात. गुरुवारची सुटी ही एरवीची तक्रार येथे वरदान ठरते.

थंडी शोधायची की टाळायची?

'थंडीसाठी महाबळेश्वर' हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु भर थंडीत पुण्याचे पहाटेचे तापमान महाबळेश्वरपेक्षा खाली गेल्याचे वृत्त जवळजवळ दरवर्षी वाचावयास मिळते. कारण सोपे आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल भागात साचते. डोंगरमाथा त्यामुळे तुलनेने उबदार राहतो आणि नदीकाठ गारठतो. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरातही दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या सखल परिसरातून, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याचा अर्थ महाबळेश्वरला जाऊ नये असा नाही. दिवसाची हवा तेथे निश्चित आल्हाददायक असते आणि स्ट्रॉबेरीचा हंगामही याच दिवसांतला. मात्र केवळ पहाटेच्या गारठ्यासाठी चार तास घाट चढण्याची गरज नाही. तो मोशी-आळंदीच्या शिवारातही भरपूर आहे. घरात सांधेदुखीचे किंवा दम्याचे वृद्ध असतील, तर थंडी शोधण्याऐवजी ती टाळणेच शहाणपणाचे. अशा वेळी वाट कोकणाची धरावी. समुद्राचे पाणी जमिनीपेक्षा सावकाश निवते, म्हणून किनाऱ्यावरच्या रात्री घाटमाथ्यासारख्या बोचऱ्या नसतात.

एका दिवसाची सहल

ज्यांच्या हाती फक्त एक गुरुवार आहे, त्यांनी आधी रेल्वेकडे पाहावे. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड येथे थांबत मळवलीला जाते. मळवलीत उतरले की एका बाजूला भाजे लेणी आणि त्यामागे लोहगड, दुसऱ्या बाजूला कार्ल्याचे भव्य चैत्यगृह. सारी ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. भाजे आणि लोहगड पुरेसे आहेत. हिवाळ्यात वाटा कोरड्या असतात आणि स्वच्छ हवेत पवना धरणाचा जलाशय वरून सुरेख दिसतो. घाटातील वाहनकोंडीशी या सहलीचा संबंधच येत नाही.

चाकण-भोसरीकडच्या मंडळींना जुन्नर अधिक सोयीचे. चाकणपासून जुन्नर सुमारे ६० किलोमीटर. शिवजन्माचा शिवनेरी, अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर, सातवाहनकालीन शिलालेखाचा नाणेघाट, असे वैभव या एका तालुक्यात आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत शिवनेरी आणि लोहगड हे दोन्ही आहेत. दोन पथ्ये मात्र पाळावीत. चाकणच्या तळेगाव चौकातून आणि आंबेठाण चौकातून पाळी सुटण्याच्या वेळी जाऊ नये. कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्या गर्दीत सकाळचा तास हकनाक जातो. दुसरे असे, की हा बिबट्यांचा मुलूख आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत त्यांची लपण कमी होते. तेव्हा अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरणे, मुलांना एकटे सोडणे कटाक्षाने टाळावे.

तिसरा पर्याय भिगवणचा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर उजनी जलाशयाचे फुगवट्याचे पाणी पसरले आहे. तेथे कुंभारगाव, डिकसळ परिसरात रोहित पक्षी उतरतात. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेले असेल तर तो उशिरा येतो, पाणी ओसरून चिखलवट उघडी पडली की थवे वाढतात. म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक नावाड्यांना दूरध्वनी करून विचारावे आणि पहाटे पोहोचावे. रोहित नसले तरी हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बहुधा निराश करीत नाहीत. जाता जाता मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. पवना मुळेला, मुळा मुठेला आणि मुळा-मुठा भीमेला मिळते. इंद्रायणीही तुळापूरला भीमेत जाते आणि भीमा उजनीत. आपल्या घरांतले आणि कारखान्यांतले जे काही नदीत जाते, ते या पाहुण्यांच्या ताटापर्यंत पोहोचते.

तीन दिवस हाती असतील तर

ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही या पट्ट्यासाठी सर्वांत सरळ वाट. थोडे पुढे जायचे असेल तर दापोली तालुक्यातील कर्दे, मुरुड, आंजर्ले हे किनारे आहेत. घाट दिवसाउजेडी उतरावा. रात्रपाळी संपवून तसेच चालकाच्या जागी बसणे हा तर जिवाशी खेळ होय. झोप पूर्ण करून दुपारी निघाल्याने सहलीचे काहीही बिघडत नाही.

समुद्राचे वेळापत्रक ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तर त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ गावात विचारावी. हरिहरेश्वराचा खडकांवरून जाणारा प्रदक्षिणामार्ग ओहोटीतच करण्याजोगा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, पाण्याची ओढही अधिक असते. स्थानिक माणूस 'उतरू नका' म्हणाला की उतरू नये. किनाऱ्यावरच्या बहुतेक दुर्घटनांत पाहुणेच सापडतात, याचे कारण त्यांना पोहता येत नाही एवढेच नसते. त्यांना ते पाणी ठाऊक नसते. कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्याची इच्छा असेल, तर वेळासची सहल फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवावी.

समुद्राऐवजी शिल्पांची ओढ असलेल्यांनी वेरूळ-अजिंठ्याचा विचार करावा. चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागता येते, पुणे शहरात शिरावे लागत नाही. उन्हाळ्यात तापणारे हे कातळ थंडीतच निवांत पाहता येतात. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत.

गाव हेही ठिकाणच

पिंपरी-चिंचवडची वस्ती ज्यांनी वाढविली, त्यांत मराठवाडा, विदर्भ, खान्देश आणि सोलापूर-नगरकडून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. यांच्या मुलांना गाव ठाऊक असते ते मे महिन्यातले, म्हणजे करपलेले आणि पाण्यासाठी ताटकळणारे. जानेवारीतले गाव त्यांनी पाहिलेलेच नसते. शाळू दुधात भरलेला असतो, शेताच्या कडेला आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजून तळहातावर चोळली जातात आणि गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी यांच्यासोबत हुरडा खाल्ला जातो. खान्देशात हेच दिवस वांग्याच्या भरिताचे. ज्यांचे गाव सुटले आहे, त्यांच्यासाठी कृषी पर्यटन केंद्रे आहेत. राज्याने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणले. परंतु ज्यांचे गाव अजून आहे आणि तेथे वाट पाहणारे कुणी आहे, त्यांनी यंदा यादीत पहिले नाव त्याचेच लिहून पाहावे. त्या सहलीला खोलीचे भाडे पडत नाही.

दूर जाताना

उत्तर भारताचा बेत आखणाऱ्यांनी धुक्याचा हिशेब धरलाच पाहिजे. डिसेंबरअखेर ते जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. गाड्या तासन् तास रखडतात, विमाने लांबणीवर पडतात. चार दिवसांच्या सहलीत एक दिवस असा गेला तर उरते काय? हिमाचलचा बर्फही तारखेला बांधलेला नसतो. नाताळात तो मिळेलच असे नाही, जानेवारी-फेब्रुवारीत शक्यता अधिक. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला सुरू होणार. दूरची सहल डिसेंबरात नव्हे, दिवाळीच्या सुमारासच ठरवावी लागते, ती यामुळे.

खोलीचे आगाऊ पैसे भरतानाही घाई नको. प्रसिद्ध निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून पैसे उकळण्याचे प्रकार सुटीच्या हंगामात वाढतात. संकेतस्थळावरच्या क्रमांकावर विसंबू नये, दुसऱ्या मार्गाने खात्री करावी आणि फसवणूक झालीच तर १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

राहिला चौथा प्रश्न, बरोबर कोण? दहावीचा मुलगा असेल तर जानेवारीतली पूर्वपरीक्षा पाहावी, आजी असतील तर पायऱ्या मोजाव्यात, तान्हे मूल असेल तर घाटाची वळणे. घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला जे ठिकाण झेपते, तेच साऱ्या घराचे ठिकाण. वर्षभर पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घराला सुटीत आणखी एक धावपळ नको असते. तीन वेळापत्रकांची माणसे तीन दिवस एका ताटाभोवती निवांत बसली, तर ती सहल साधली असे खुशाल समजावे.