रंग अंधारात बघायचा

पहाटे साडेचारला भट्टी पेटवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीडकडची माणसं ऊसतोडीला कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस आमच्याकडे नुसते कोयतेच. आबांच्या काळी चामड्याचा भाता होता, तो आई ओढायची. आता विजेचा पंखा आहे.

पाच ते सात कोयत्यांना पाणी द्यायचं. दिवसातलं खरं काम हेच. कोयते ट्रकच्या जुन्या पाट्याचे. त्या पोलादाला पाण्यात तडा जातो, म्हणून बुडवतो तेलात, पण म्हणायचं पाणीच. दार लावलेलं, दिवा मालवलेला. पातं निखाऱ्यात घातलं की बराच वेळ काळंच राहतं. मग पिकल्या करवंदासारखं काळपट लाल होतं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं, मग शेंदरी. मला हवा तो रंग डाळिंब सरताना आणि शेंदरी लागायच्या आत येतो, 830 अंशांच्या आसपास. अलीकडेच बुडवलं तर धार उसाच्या कांड्यावर वळते. फार पुढे गेलं तर पोलादाचा दाणा वाढतो आणि पातं काचेसारखं तुटतं.

त्या रंगाच्या जरा आधी पात्यातून एक सावली सरकते. पोलादाची आतली बांधणी बदलते तेव्हा ते उष्णता पिऊन घेतं, तेवढी जागा क्षणभर अंधारी दिसते. सावली टोकापर्यंत जाऊन पुसली गेली की मनात चार-पाच आकडे मोजायचे आणि सांडशी उचलायची. पुतण्या नवा आहे, त्याला ही सावली अजून सापडत नाही. त्याच्या हाती लोहचुंबक दिलाय. 770 अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, तिथून थोडं पुढे जायचं.

सातला ओट्यावर ऊन येतं आणि काम उलटं होतं. पाणी दिलेला कोयता ठिसूळ असतो, त्याला लगेच उतरवावं लागतं, आणि त्यासाठी हवा भरपूर उजेड. पातं दगडावर घासून उजळ करायचं आणि पाठीकडून मंद तापवायचं. मग कडब्याचा पिवळा, मधाचा, जांभळा, मोरपंखी निळा असे रंग धारेकडे पळत येतात. हे रंग आगीचे नाहीत, पोलादावर धरणाऱ्या पातळ सायीचे, 220 ते 300 अंशांतले. जांभळा निळ्यात शिरायला लागला की थांबायचं.

नऊपासून गिऱ्हाईक. खुरपी, कुळवाच्या पासा, शेवटायला आलेल्या कुऱ्हाडी. घण चालतो, बोलणंही चालतं.

घाईच्या एका वर्षी मी दहा वाजता, दार उघडं ठेवून पाणी दिलं होतं. उजेडात रंग फिका वाटला म्हणून आग वाढवत गेलो. अकरा कोयते हंगामाच्या मध्यात तुटले. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. तुटलेलं पातं म्हणजे त्या दोघांचा बुडालेला दिवस. ते अकरा तुकडे अजून भिंतीवर टांगलेले आहेत. कोयत्यांचा हंगाम आला की आधी त्यांच्याकडे बघतो.

दुपारी जेवण, थोडं पडणं. भर उन्हात ऐरणीजवळ कुणाला फिरकू देत नाही, कारण तेव्हा पाचशे अंशांचं लोखंडही थंड लोखंडासारखं काळं दिसतं.

संध्याकाळी सहानंतर कुऱ्हाडीला पोलादी धार जोडायची. टाकणखार टाकून पिवळ्याच्या पुढे, पांढऱ्याच्या अलीकडे न्यायचं. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर लोखंड जळायला लागलं. ते कापून टाकायचं, वाचवायच्या फंदात पडायचं नाही.

रात्री साडेआठला पंखा बंद. बारावीतली मुलगी दाराशी पुस्तक घेऊन बसते. तिनेच सांगितलं, 1847 मध्ये ड्रेपर नावाच्या शास्त्रज्ञाने बंदुकीच्या नळीत वेगवेगळे पदार्थ तापवून पाहिले. सगळ्यांचा लाल उजेड एकाच वेळी दिसू लागला, साधारण 525 अंशांना. मी तिला दिवा मालवायला सांगितला. आगीतून पहार काढून ऐरणीवर ठेवली. शेंदरी उतरला, डाळिंब उतरलं, करवंदही विझत विझत गेलं. “गेला,” ती म्हणाली. “आता किती असेल?” मी विचारलं. “पाचशेच्या आसपास.” तिने दिवा लावला आणि पहारेजवळ बसलेल्या मांजराला आधी उचलून घेतलं.