आधी माणसं, मग घरं

1896 मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. सर्व जातींच्या मुलांनी तिथे राहावं असा हेतू होता. हेतू धरणारा राजा मूळचा कागलकर घाटग्यांच्या घरातला. 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले यशवंतराव, म्हणजे राजर्षी शाहू. दार सगळ्यांना उघडं होतं, पण व्यवहारात ते वसतिगृह ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच राहिलं. महाराजांनी मग दुसरी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय लिंगायत, शिंपी, सारस्वत, दैवज्ञ अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

कोणी कोणाबरोबर राहायचं, एका पंगतीला कोण बसणार, चालू खर्च कोण उचलणार, भांडण झालं तर निवाडा कुठे करायचा, हे सगळे प्रश्न त्या बोर्डिंगांमध्ये रोजच्या रोज सुटत होते किंवा अडत होते. आज तेच प्रश्न कागलसारख्या वाढत्या गावापुढे वेगळ्या रूपात आले आहेत.

कागल कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून. पुढे थोडं गेलं की कर्नाटकाची हद्द. पंचतारांकित औद्योगिक वसाहत आली, उसाचा पैसा होताच, आणि गावाभोवतीच्या शेतांचे प्लॉट पडू लागले. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं एका चौकाभोवती राहत. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला गल्लीतलं प्रत्येक पोर नावानिशी ठाऊक असे. आता माणसं प्लॉट घेतात, बंगला बांधतात, भोवती पुरुषभर उंचीचं कंपाउंड घालतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. आत उरतात ती दोन वयस्क माणसं, आणि मध्यरात्री छातीत कळ आली तर हाक कोणाला मारायची हे त्यांना सांगता येत नाही. वाडा परत आणावा असं मी म्हणणार नाही. त्या वाड्यात सासुरवास होता, एकांत नव्हता, आणि चौकापर्यंत कोणी यायचं हे जात ठरवत होती. पण वाडा सोडताना आपण शेजारही सोडला, आणि त्याची काही गरज नव्हती.

जगात काही ठिकाणी लोकांनी हा शेजार विचारपूर्वक पुन्हा उभा केला आहे. त्याला को-हाउसिंग म्हणतात. आपण सहनिवास म्हणू. वीस-तीस कुटुंबं एकत्र येतात. प्रत्येकाचं स्वतंत्र घर असतं, त्यात स्वतःचं स्वयंपाकघर असतं, दाराला कडी असते. शिवाय सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर असतं: मोठं स्वयंपाकघर, जेवणाची जागा, मुलांना खेळायला खोली, पाहुण्यांसाठी एखादी खोली, हत्यारं ठेवायला जागा. गाड्या वस्तीच्या कडेला थांबतात आणि मधली वाट पायी चालणाऱ्यांची राहते. आठवड्यातले काही दिवस जेवण एकत्र होतं आणि स्वयंपाकाची पाळी महिन्यातून एकदोनदा प्रत्येकावर येते. पगार, मिळकत, देव, धर्म ज्याचं त्याच्यापाशी.

याची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. यान गुडमन-हॉयर नावाच्या वास्तुविशारदाने 1964 मध्ये मित्रमंडळींसह कोपनहेगनजवळ अशा वस्तीचा आराखडा केला, पण आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला आणि तो बारगळला. 1967 मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने एका दैनिकात लेख लिहिला. प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असावेत, असा त्याचा आशय होता. वाचकांना तो इतका पटला की अनेक कुटुंबं एकत्र जमली. सेटेडामेन ही 27 घरांची वस्ती 1972 मध्ये राहती झाली. तिथून ही कल्पना स्वीडन, नेदरलँड्समध्ये पसरली. कॅथरीन मॅककॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या दांपत्याने 1988 च्या पुस्तकातून ती अमेरिकेत नेली, आणि 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी तिथली पहिली नवी वस्ती बांधून झाली. या सगळ्या वस्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. आधी माणसं जमतात, वर्ष-दोन वर्षं बोलतात, आराखडा स्वतः बसून ठरवतात, आणि मगच पाया खणला जातो.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. आधी सभासद जमले, भागभांडवल गोळा केलं आणि मग इमारती उठल्या. मालकी संस्थेची, राहणारा सभासद संस्थेचा भाडेकरू आणि त्याच वेळी तिचा भागीदार. आपल्या सहकार कायद्यात अशा संस्थेला आजही ‘भाडेकरू सहभागीदारी’ म्हणतात. जमीन संस्थेची आणि घर सभासदाने बांधलेलं असेल तर ती ‘भाडेकरू मालकी’. मुंबई-पुण्यातल्या कित्येक जुन्या कॉलन्या अशाच उभ्या राहिल्या. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, विजया राजाध्यक्ष, रमेश तेंडुलकर, हिंदीतले धर्मवीर भारती अशी मंडळी शेजारी म्हणून राहिली, ती लेखकांनी मिळून सोसायटी काढली म्हणून. इमारतींची नावंही झपूर्झा, शाकुंतल अशी.

पुढे क्रम उलटला. मुंबईच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि घर बांधणं हा बिल्डरचा धंदा झाला. फ्लॅट घेणाऱ्यांची फसवणूक इतकी वाढली की 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा करावा लागला. ग्राहकाला संरक्षण मिळालं, ते आवश्यकच होतं. पण त्या कायद्यातली चाल अशी: बिल्डर बांधणार, अनोळखी माणसं एकेक फ्लॅट घेणार, आणि शेवटी त्या अनोळखी माणसांची सोसायटी बिल्डरने स्थापन करून द्यायची. आज आपण सोसायटी म्हणतो ती बहुतेक अशीच असते. सभासदांची पहिली गाठ पडते तीच गळकी टाकी, पार्किंग आणि थकलेला मेंटेनन्स यांवरून. ती भांडकुदळ निघाली तर तो माणसांचा दोष नाही. एकमेकांची ओळख करून घ्यायला त्यांना कोणी वेळच दिलेला नसतो.

मात्र जुन्या सोसायट्यांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. माणसं आधी जमत, पण जमत ती बहुधा एकाच जातीची. गावदेवीची पहिली संस्थाही एका ज्ञातीतूनच निघाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 23 मध्ये सभासदत्व खुलं असावं असं तत्त्व आहे. पण अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये असा निकाल दिला की उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं मर्यादित ठेवता येतं. म्हणजे शेजारी निवडायचा हक्क हातात आला की तो जातीच्या कुंपणाकडे वळायला कायद्याची आडकाठी फारशी नाही. सहनिवासाची स्तुती करणाऱ्याने या प्रश्नाला भिडायलाच हवं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने तर इतर कोणाहूनही आधी.

शाहू महाराजांची बोर्डिंगंही जातवार होती, मग फरक काय, असं कोणी विचारील. फरक मोठा आहे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांना शहरात डोकं टेकायला जागा मिळावी, म्हणून ती काढली होती. महाराजांना स्वतःला जातिभेद टिकवायचा नव्हता. मार्च 1920 मध्ये माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीतलं. तिथे महाराज स्वतः गेले आणि बाबासाहेबांना त्यांनी पुढारी म्हणून जाहीरपणे मानलं. पोट भरलेल्या माणसांनी आपल्याच जातीची कॉलनी काढणं आणि हे बोर्डिंग काढणं एका तराजूत घालता येत नाही.

पण जातवार बोर्डिंगची मर्यादा कोणी ओळखली असेल तर ती त्याच बोर्डिंगमधल्या एका मुलाने. कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर विटाळ घालवायला अंघोळ कर म्हटलं तर नाही म्हणाले, आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. पुढे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या कर्मवीराने 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. मुलं पाणी भरत, लाकडं फोडत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. 1927 मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले, आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

माझ्या मते सहनिवासाचा महाराष्ट्रातला सगळ्यात खरा धडा साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात आहे. कागदावरच्या समतेपेक्षा एका चुलीवर पाळीने केलेली भाकरी माणसाला लवकर बदलते. आणि ती भाकरी मुलगे करत होते. आज सामायिक स्वयंपाकघर काढून त्यात पुन्हा सगळ्या घरांतल्या बायकांनाच उभं करायचं असेल, तर त्या भानगडीत न पडलेलं बरं.

एकत्र राहण्याचे प्रयोग म्हणून आपल्याकडे आश्रमही पुष्कळ झाले. वरोऱ्याचं आनंदवन, सेवाग्राम ही त्यातली थोर नावं. पण आश्रम व्रतावर चालतो, आणि संसारी माणसाला व्रत झेपत नाही. तरी पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिराकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. विनोबांनी 1959 मध्ये स्थापन केलेल्या या स्त्रियांच्या आश्रमात निर्णय सर्वसंमतीने होतात. एकीचं जरी मन वळत नसेल तरी विषय पुढे ढकलतात. विनोबा 1982 मध्ये गेले, त्यानंतरही ते चाललं. सोसायटीच्या सभेत बहुमताने दहा जणांना हरवलं की ते दहा जण पुढची पाच वर्षं त्याच जिन्यात राग धरून राहतात. वीस-तीस घरांच्या वस्तीला बहुमत परवडत नाही. वेळ लागला तरी सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहणं तिला स्वस्त पडतं.

मोठ्या संख्येने आणि गरिबीत हे जमतं का, याचं उत्तर सोलापूरने दिलं आहे. विडी वळणाऱ्या बायकांनी लाल बावट्याच्या संघटनेखाली, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वात, घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. सहकारी संस्था स्थापन केली, केंद्राचा आणि राज्याचा वाटा मिळवला, आपला वाटा स्वतः भरला. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते ती बायकांच्या ताब्यात आली. तिच्या पाठोपाठ असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी दिल्या. यात डॅनिश पद्धतीचं सामायिक जेवणघर नाही. पण घर मिळण्याआधी अनेक वर्षं या बायका मोर्चात एकमेकींच्या शेजारी चालल्या होत्या, तेलुगू बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या, उर्दू बोलणाऱ्या.

मग कागलला काय अडचण आहे? सहकार इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. विक्रमसिंह घाटग्यांनी उभा केलेला शाहू साखर कारखाना गावात आहे, बिद्री आणि हमीदवाड्याचे कारखाने तालुक्यात आहेत, गोकुळचं दूध घरोघरी गोळा होतं. शेअर घेणं, वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला जाब विचारणं हे इथे अंगवळणी पडलेलं आहे. सामायिक घर म्हणजे काय तेही कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही, कारण पेठेपेठेत तालीम आहे. कुस्तीपासून गणपतीपर्यंत आणि लग्नाच्या भांड्यांपासून पुराच्या मदतीपर्यंत सगळं तिथून हलतं. 2019 च्या पुरात महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसच्या दिवस बंद पडला, तेव्हा धावली ती अशीच तरुण मंडळं. तालमीची उणीव एवढीच की ती पुरुषांची राहिली.

व्यवहाराचे दोन-तीन मुद्दे मात्र आधीच सोडवावे लागतात. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी घेता येत नाही, तेव्हा जागा बिगरशेती झालेली असावी किंवा परवानगीचा मार्ग वकिलाकडून नीट पाहून घ्यावा. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. एरवी तिथे फलक लागतो आणि गवत वाढतं; सहनिवासात तीच जागा वस्तीच्या मध्यावर आखून घ्यायची. घरं थोडी लहान बांधायची आणि वाचलेले पैसे सामायिक घरात घालायचे. पाहुण्यांची खोली तीस बंगल्यांत तीस वेळा बांधण्यात काही अर्थ नाही. जमीन संस्थेच्या नावावर राहणार असेल तर बँकेशी बोलणी सर्वांत आधी करायची. आणि घर विकायची वेळ आली किंवा मालक वारला तर पुढे काय, हे एकमेकांवर प्रेम आहे तोवरच कागदावर लिहून ठेवायचं.

कागलच्या आणि आसपासच्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत प्लॉटचा इसार देण्याआधी ओळखीतली आठ-दहा कुटुंबं एकत्र बसवा. त्यांत निदान तीन-चार घरं दुसऱ्या जातीची, दुसऱ्या धर्माची असू द्या, आणि म्हातारी माणसं व लहान मुलं दोन्ही असू द्या. वर्षभर महिन्यातून एकदा एकत्र स्वयंपाक करून जेवा, पुरुषांनी पाळी घेऊन. या बारा जेवणांत ज्यांचं जमणार नाही ते आपसूक गळतील, आणि ते पैसे गुंतवण्याआधी गळालेले बरे. उरलेल्यांनी संस्था नोंदवताना उपविधीच्या पहिल्या पानावर लिहावं की सभासदत्वाला जात आणि धर्म आड येणार नाही. जमीन त्यानंतर बघा.